कारण लिहून द्या: अमेरिकी प्रशासनाचा कायदा आणि त्याची भगदाडे

८ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेच्या कामगार खात्याने फेडरल रजिस्टर या रोजच्या सरकारी राजपत्रात एक नियम छापला आणि त्याच दिवसापासून लागूही केला. एच-१बी या परदेशी कुशल कामगारांच्या व्हिसावर काम करणाऱ्याला किमान किती पगार द्यायचा, याच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या पायरीचा पगार तोवर असा ठरत असे की, त्या भागात तेच काम करणाऱ्यांपैकी १७ टक्के लोक त्याहून कमी कमावतात. नव्या नियमाने ही रेषा ४५ टक्क्यांवर नेली. दुसरी ३४ वरून ६२ वर, तिसरी ५० वरून ७८ वर आणि चौथी ६७ वरून थेट ९५ वर गेली. नुकत्या पदवी घेतलेल्या मुलीला त्या धंद्यातल्या मधल्या माणसाच्या जवळपास पगार द्या, नाहीतर तिचा अर्जच करू नका, असा याचा अर्थ झाला. झळ फक्त नव्यांना लागणार नव्हती. व्हिसाची मुदत वाढवतानाही कंपनीला पगाराचे हमीपत्र नव्याने भरावे लागते. त्यामुळे सहा-सात वर्षे तिथे राहून घर घेतलेली, मुले शाळेत घातलेली माणसेही या तडाख्यात सापडत होती.

१ डिसेंबरला कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्यातल्या फेडरल न्यायालयाने हा नियम रद्द केला. एच-१बीचे पगार वाढावेत की वाढू नयेत, यात न्यायालय शिरलेच नाही. खात्याने आधी मसुदा छापून लोकांचे म्हणणे का ऐकले नाही, एवढेच विचारले गेले. महामारीमुळे बेकारी वाढली होती, थांबायला वेळ नव्हता, असे खात्याचे उत्तर होते. न्यायालयाने तारखा मांडल्या. संकट मार्चमध्येच आले, नियम निघाला ऑक्टोबरमध्ये. सहा महिने हातावर हात ठेवून बसलेल्याला सातव्या महिन्यात घाईचे निमित्त सांगता येत नाही.

पुढे जानेवारी २०२१ मध्ये खात्याने लोकांच्या हरकती विचारात घेऊन तोच नियम पुन्हा आणला, तेव्हा पायऱ्या ३५, ५३, ७२ आणि ९० अशा खाली आल्या होत्या. तोही पुढे टिकला नाही, पण ४५ चे ३५ होणे ही छोटी गोष्ट नव्हे. ज्यांना मतदानाचा हक्क नाही, आमदार-खासदार निवडता येत नाही, अशा लोकांचे म्हणणे सरकारी कागदावर उतरले आणि त्याने आकडा हलला.

हे ज्या कायद्यामुळे झाले तो अॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसिजर अॅक्ट. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ११ जून १९४६ रोजी त्यावर सही केली. अमेरिकी कायदेसंहितेच्या पाचव्या खंडात तो आहे आणि या खंडाचे नावच ‘सरकारी संघटन आणि कर्मचारी’ असे आहे. खात्याने नियम कसा करावा हे त्याच खंडात आणि खात्यातल्या माणसाला कामावरून कसे काढावे हेही त्याच खंडात. हा शेजार जुळवून आणलेला असो वा नसो, या दोन्ही गोष्टींचा जीव एकच आहे. सरकारने काही करण्याआधी कळवायचे, समोरच्याचे ऐकायचे, कारण लिहून द्यायचे, आणि ते कारण तपासणारा कोणीतरी बाहेर बसलेला असायचा. यातली एक बाजू पाडली की दुसरी आपोआप खचते. अमेरिकेत गेली काही वर्षे नेमके तेच चालले आहे आणि त्याची किंमत तिथल्या मराठी घरांनाही मोजावी लागते आहे.

कलम ५५३ मधली रीत साधी आहे. खाते प्रस्तावित नियम राजपत्रात छापते. त्यात कोणत्या कायद्याने हा अधिकार मिळाला ते सांगावे लागते. मग हरकती व सूचना येतात. मुदत किती दिवसांची हे या कलमात लिहिलेले नाही. व्यवहारात ती बहुधा ३० किंवा ६० दिवसांची असते. अंतिम नियमासोबत त्याचा आधार आणि हेतू सांगणारे निवेदन द्यावे लागते, आणि छापल्यापासून किमान ३० दिवस गेल्याशिवाय नियम लागू होत नाही. हरकत कोणीही घेऊ शकतो. कायद्यात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘संबंधित व्यक्ती’ असे आहे. त्यानंतर कलम ७०६ येते: खात्याचा निर्णय मनमानी किंवा लहरी ठरला तर न्यायालय तो रद्द करते.

‘नियम करणे’ या शब्दांत नियम बदलणे आणि मोडीत काढणे हेही येते, हे फार महत्त्वाचे आहे. मोटारींत एअरबॅग किंवा आपोआप लागणारे पट्टे सक्तीचे करणारा नियम रेगन यांच्या काळात मागे घेतला गेला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवला, कारण पट्टे कुचकामी ठरतील म्हणून संपूर्ण नियम काढताना खात्याने ‘मग फक्त एअरबॅग ठेवल्या तर?’ या साध्या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. सरकार बदलले म्हणजे धोरण बदलू शकते. पण बदलाचे कारण द्यावे लागते, आणि जुन्या नियमावर विसंबून लोकांनी आयुष्य उभे केले असेल तर त्याचाही हिशोब मांडावा लागतो. २०२० मध्ये लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या मुलांचे हद्दपारीपासूनचे संरक्षण काढण्याचा निर्णय याच मुद्द्यावर अडला.

एच-४ या जोडीदारांच्या व्हिसाचे उदाहरण तर पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांत माहीत असेल. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला काम करण्याची परवानगी देणारा मसुदा मे २०१४ मध्ये छापला गेला. त्यावर जवळपास १३,००० हरकती-सूचना आल्या. २५ फेब्रुवारी २०१५ रोजी अंतिम नियम निघाला आणि २६ मेपासून लागू झाला. ग्रीन कार्डाची पहिली पायरी मंजूर झालेल्यांच्या किंवा सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळालेल्यांच्या जोडीदारांपुरताच तो आहे. २०१७ च्या शेवटी नव्या सरकारने तो रद्द करणार असल्याचे आपल्या कार्यक्रमपत्रिकेत घातले. फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द करण्याचा मसुदा अंतर्गत तपासणीला गेला. जानेवारी २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. अख्ख्या एका कारकिर्दीत, इच्छा असूनही, तो नियम काढता आला नाही. मसुदा छापा, हजारो बायकांनी आपली नोकरी, कर, घराचे हप्ते यांचे आकडे देऊन लिहिलेल्या हरकतींना उत्तर द्या, आणि मग ते उत्तर न्यायालयात टिकवा: एवढे ओझे त्या वाटेवर होते. ज्याला लोक लालफीत म्हणून हिणवतात ती ही. मी तिला संरक्षण म्हणते.

आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही, हेही इथेच सांगायला हवे. ‘हरकती व सूचना’ हे शब्द आपल्या कानावर विकास आराखड्यामुळे रुळलेले आहेत, पण तो हक्क त्या-त्या कायद्याने दिला तरच मिळतो. मूळ कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धी’ची अट असेल तर १८९७ च्या सामान्य वाक्यखंड अधिनियमाचे कलम २३ लागू होते. अट नसेल तर सरकार थेट अधिसूचना काढू शकते. केंद्राने २०१४ मध्ये मसुदे ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण ठरवले, पण ते धोरणच आहे. मोडले तर न्यायालयात दाद मागायला कायद्याचा आधार नाही. म्हणून अमेरिकेचे काय व्हायचे ते होवो असे म्हणून चालणार नाही. ज्यांच्याकडे हा कायदा ऐंशी वर्षांपासून आहे तिथे तो कुठून फुटतो, हे आपण नीट पाहून ठेवावे.

तो पहिल्यांदा फुटतो अपवादांतून. पूर्वसूचना ‘अव्यवहार्य, अनावश्यक किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध’ असेल तर ती वगळता येते. अशा वेळी ‘अंतरिम अंतिम नियम’ नावाची चीज निघते: आज छापला, आज लागू, हरकती नंतर पाठवा. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी कामाच्या परवान्याची आपोआप मिळणारी, ५४० दिवसांपर्यंतची मुदतवाढ अशाच नियमाने बंद झाली. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला आहे, पण कार्ड यायला महिने लागताहेत, अशा माणसाला जुन्या कार्डाच्या शेवटच्या तारखेला काम थांबवावे लागते. उशीर खात्याचा आणि पगार बंद अर्जदाराचा. ज्याचे पोट त्यावर आहे त्याचे म्हणणे नियम लागू झाल्यानंतर मागवले, तर ते वाचणारा अधिकारी ते कशासाठी वाचेल?

दुसरे भगदाड परिपत्रकांचे. अस्तित्वातल्या नियमाचा ‘अर्थ’ सांगणाऱ्या पत्राला पूर्वसूचना लागत नाही. ३१ मार्च २०१७ रोजी, त्या वर्षीचे एच-१बी अर्ज सुरू होण्याच्या तोंडावर, इमिग्रेशन खात्याने असे एक पत्रक काढले. संगणक प्रोग्रामरचे काम म्हणजे पदवी लागणारे विशेष काम, हे आता गृहीत धरले जाणार नाही, असे त्याचे सार. आधार होता कामगार खात्याच्या व्यवसाय-माहितीपुस्तिकेचा, आणि त्या पुस्तिकेत लिहिले होते की, बहुतेक प्रोग्रामरांकडे पदवी असते. काही मालक दोन वर्षांच्या पदविकेवरही घेतात. ‘बहुतेक’ शब्द बाजूला सारून ‘काही’वर बोट ठेवले गेले. डिसेंबर २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा तर्क मनमानी ठरवला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पत्रक मागे घेतले गेले. मध्ये जवळपास चार वर्षे गेली. त्या काळात ज्यांचे अर्ज फेटाळले गेले ते परत येऊन संसार मांडूनही बसले.

तिसरे भगदाड सर्वात रुंद आहे. राष्ट्राध्यक्ष हे या कायद्याच्या व्याख्येत ‘यंत्रणा’ नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवले. त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर लावणारी घोषणा १९ तारखेला निघते आणि २१ तारखेला लागू होते, आणि मसुदा कुठे आहे हे विचारायला जागाच उरत नाही. खात्याने केले असते तर महिने लागले असते, ते काम दोन दिवसांत होते.

आता कर्मचाऱ्यांकडे येऊ, कारण नियमाचे कारण लिहितो कोण? मंत्री लिहीत नाहीत. हरकतींचे गठ्ठे वाचणारे, आकडे तपासणारे, ‘या पर्यायाचा विचार का केला नाही’ याचे उत्तर लिहिणारे हे वर्षानुवर्षे त्या खुर्चीत बसलेले अर्थतज्ज्ञ, वकील, तपासनीस असतात. एअरबॅगच्या खटल्यात किंवा एच-१बीच्या पगारांच्या खटल्यात न्यायालयापुढे जातो तो त्यांनी तयार केलेला दफ्तराचा संच. त्यात गैरसोयीचा आकडा ठेवण्याची हिंमत त्या माणसाला राहिली नाही, तर कलम ५५३ पाळूनही नियम खोटा निघतो.

अमेरिकेने हे फार महाग शिकून घेतले. जुलै १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या एका इच्छुकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरमध्ये ते गेले. जानेवारी १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा आला आणि परीक्षेने भरती सुरू झाली, पण फक्त दहा टक्क्यांच्या आसपास पदांना. १९१२ च्या कायद्याने कामावरून काढायला ‘सेवेची कार्यक्षमता वाढेल असे कारण’ आणि लेखी सूचना लागू लागली. आजचा ढाचा १९७८ चा. त्याप्रमाणे गैरवर्तनासाठी काढायचे तर ३० दिवस आधी लेखी नोटीस, उत्तराला किमान सात दिवस, सोबत वकील किंवा प्रतिनिधी आणि कारणांसह लेखी निर्णय. त्यावर ३० दिवसांत गुणवत्ता संरक्षण मंडळाकडे अपील. शिक्षा ठरवताना १२ मुद्दे पाहायचे: गुन्हा किती गंभीर, आधीचे रेकॉर्ड कसे, त्याच चुकीला इतरांना काय शिक्षा झाली, वगैरे. आपल्याकडे सरकारी नोकरांना अनुच्छेद ३११ माहीत असतो. हा त्याचाच भाऊबंद, फक्त अधिक तपशिलातला.

पण हे संरक्षण प्रोबेशनवरच्या माणसाला जवळपास नाही. प्रोबेशन फक्त नवख्यांचे असते असा समज आहे, तो चुकीचा. वीस वर्षे नोकरी झालेला माणूस बढतीवर किंवा दुसऱ्या खात्यात गेला की काही वेळा नव्याने प्रोबेशनवर येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे २५,००० प्रोबेशनवरच्या लोकांना काढले गेले. अनेकांच्या पत्रात तोच साच्यातला मजकूर होता, कारण ‘कामगिरी’चे, आणि त्यातल्या कित्येकांचे शेरे चांगले होते. सप्टेंबरमध्ये फेडरल न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली, पण तोवर लोकांनी दुसरीकडे नोकऱ्या धरल्या होत्या आणि पुनर्नियुक्तीचा आदेश झाला नाही. कागदावरचे कारण खोटे होते हे सिद्ध होऊनही खुर्ची परत मिळाली नाही.

अपील ऐकणारे मंडळ तीन जणांचे, गणपूर्तीला दोन लागतात. जानेवारी २०१७ मध्ये ती मोडली आणि मार्च २०२२ पर्यंत जागा भरल्याच गेल्या नाहीत. पाच वर्षांहून अधिक काळ मंडळाच्या पातळीवर एकही अपील निकाली निघाले नाही आणि साधारण ३,८०० प्रकरणे तुंबली. कोणताही कायदा बदलावा लागला नाही. नेमणूक करायची नाही, बस्स. २०२५ मध्ये सदस्याला पदावरून दूर केल्यावर गणपूर्ती पुन्हा काही महिने गेली. ज्याच्याकडे दाद मागायची त्याचीच खुर्ची रिकामी ठेवता येते, हा माझ्या मते १९७८ च्या कायद्यातला सर्वात मोठा दोष आहे.

आणि मग ‘शेड्यूल एफ’. ऑक्टोबर २०२० च्या आदेशाने धोरणाशी संबंधित पदे वेगळ्या यादीत टाकून त्यांची नोटीस-अपिलाची वाट बंद करायचे ठरले. जानेवारी २०२१ मध्ये तो आदेश रद्द झाला, २० जानेवारी २०२५ रोजी नव्या नावाने परत आला. कार्मिक कार्यालयाचा अंदाज सुमारे ५०,००० पदांचा. मूळ आदेशात अशी पदे ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत आणि त्यातली एक खूण ठळक आहे: नियमांचे आणि मार्गदर्शक सूचनांचे मसुदे तयार करण्यात भाग असणे. म्हणजे कलम ५५३ ज्यांच्या लेखणीवर उभे आहे, नेमकी तीच माणसे.

कर्मचाऱ्यांच्या या संरक्षणाला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. कामचुकार माणसाला काढायला सहा महिने ते वर्ष लागते, असे अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१५ मध्येच नोंदवले आहे. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत रुग्ण ताटकळत असताना जबाबदार अधिकारी खुर्चीला चिकटून राहतात, हे लोकांना सहन होत नाही, आणि होऊ नये. म्हणून २०१७ मध्ये त्या खात्यासाठी जवळची वाट काढली गेली: सगळी प्रक्रिया १५ कामाच्या दिवसांत, उत्तराला त्यातलेच सात, पुरावाही हलका चालेल. पुढे काय झाले? २०२१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की, खात्याला स्वतःचा निर्णय घेताना नेहमीच्याच वजनाचा पुरावा लागतो, आणि शिक्षा ठरवताना ते १२ मुद्दे पाहावेच लागतात. आधीची प्रकरणे पुन्हा उघडली गेली, आणि २०२३ मध्ये खात्याने ते कलम वापरणेच थांबवले. वेळ वाचला नाही, उलट दोनदा खर्च झाला. उशीर नोटिशीच्या ३० दिवसांमुळे होत नाही. वरिष्ठाने वर्षभर शेरे चांगले लिहायचे आणि अचानक वाईट म्हणायचे, पुरावा जमा करायचा नाही, कार्मिक विभागात माणसे नाहीत: उशीर इथे होतो.

म्हणून बदल करायचाच तर तो इथे करावा. पूर्वसूचना न देता काढलेला नियम सहा महिन्यांत हरकतींना उत्तर देऊन पक्का केला नाही तर आपोआप गळून पडावा. मंडळाला गणपूर्ती नसेल तेव्हा अपील आधी ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधीशाचा पहिला निकाल ठरावीक दिवसांनी अंतिम मानावा, म्हणजे खुर्ची रिकामी ठेवण्यातून कोणाला काही मिळणार नाही. आणि प्रोबेशनवरच्या माणसाच्या पत्रात त्याच्या स्वतःच्या कामातली, तारखेसह, निदान एक गोष्ट असलीच पाहिजे.

तोवर हातात आहे ते वापरावे. मसुदा निघाला की आपल्या लोकांच्या गटांत एक तयार पत्र फिरते आणि हजार जण तेच चिकटवतात. खाते अशी पत्रे एकत्र बांधते आणि एका मुद्द्याचे एकच उत्तर देते. त्यापेक्षा दहा जणांनी वेगवेगळे लिहिलेले जड पडते. मसुद्याचा डॉकेट क्रमांक, म्हणजे त्याच्या फाइलचा क्रमांक, घाला, कोणत्या परिच्छेदाबद्दल बोलता ते सांगा, आपला आकडा द्या: किती कर भरता, कंपनीत किती लोक आहेत, कार्डाला किती महिने लागले. जुन्या नियमावर विसंबून काय केले ते लिहा, कारण न्यायालय पुढे हेच शोधते. दुसरा पर्याय सुचवा, कारण तो न तपासणे ही खात्याची चूक ठरू शकते. हरकतीत कोणीच न मांडलेला मुद्दा नंतर खटल्यात उचलणे अवघड जाते. खात्याने आकडे कुठून आणले ते हवे असेल तर याच पाचव्या खंडातल्या कलम ५५२ खाली माहिती मागता येते. उत्तराची मुदत २० कामाचे दिवस. आपला माहिती अधिकार कायदा फक्त नागरिकांना हक्क देतो, हा कोणालाही देतो. पुण्यात बसूनही अर्ज करता येतो. हरकत जशीच्या तशी संकेतस्थळावर दिसू शकते, त्यामुळे पासपोर्ट क्रमांक, प्रकरण क्रमांक, मुलांची नावे त्यात घालू नका. आणि शेवटच्या दिवसावर जाऊ नका: खिडकी पूर्व किनाऱ्याच्या वेळेने रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी बंद होते, तेव्हा कॅलिफोर्नियात नऊला एक मिनिट कमी असतो आणि बऱ्याच घरांत जेवणे आटोपून लोक नुकते लॅपटॉप उघडत असतात.